शिक्षणाचा आणा जातो कुठे?

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण चहा घेत वाचा.

आळेफाट्यावरून कल्याणच्या दिशेला निघालं की ओतूर लागतं, पुढे माळशेज. तिकडच्या वाड्या-वस्त्यांवर पावसाळ्यात छप्पर टिकवणं हीच शाळेची पहिली काळजी. उलट्या दिशेला बेल्ह्याकडे पाऊस कमी. आणि फाट्यासारख्या ठिकाणी दोन हायवेंमुळे वस्ती वाढत जाते, तिथे प्रश्न छपराचा नाही, खोल्या पुरण्याचा. या सगळ्या मागण्या शेवटी एकाच जिल्हा परिषदेत जातात. यादीत वर कोण, खाली कोण, हे कसं ठरतं? हे भांडण आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार जुनं आहे.

१८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. यालाच लोक ‘लोकल फंड’ म्हणायचे. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला, बाकी मुख्यतः रस्त्यांसारख्या कामांना. म्हणजे गावात शाळा येवो न येवो, कुणब्याने शाळेचे पैसे आधीच भरलेले! १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे नेमकं हेच मांडलं. शिक्षणाच्या नावाने पट्टी घेता, पण ती त्यासाठी खर्च होत नाही. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असं त्यांनी लिहून दिलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. हे निवेदन म्हणजे नुसती तक्रार नाही, तो सरकारी खर्चाच्या अग्रक्रमाचा हिशेब आहे. मला तरी ते आजही बजेटच्या कागदासारखंच वाचावंसं वाटतं. (याच दशकात आपल्या ओतूरच्या डुंबरे पाटलांनी भटजीशिवाय लग्न लावलं आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. फुल्यांचा विचार आपल्या तालुक्यात तेव्हाच पोचला होता. तो इतिहास वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

स्वातंत्र्यानंतर लोकल बोर्डं गेली आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पण खोली बांधायची तर पैसा वरूनच यायचा. तो येईपर्यंत मुलं देवळात, चावडीत, कुणाच्या तरी पडवीत बसायची. कित्येक गावांनी लोकवर्गणी काढली, दगड-माती स्वतः वाहिली. म्हणजे आधी कर भरला आणि वर श्रमदानही केलं.

खरा फरक पडला १९८७ च्या ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ने. नियम साधा होता. प्रत्येक प्राथमिक शाळेला सगळ्या ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक. कोणतं गाव आवडीचं, कोणता पुढारी वजनदार, हे त्या निकषात नव्हतं. पुढे सर्व शिक्षा अभियान आलं. मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, कुंपण. मुदत तीन वर्षांची. ती २०१३ ला संपली. पण ‘प्रत्येक शाळेला किमान इतकं’ असं ठरलं की वाडीवरच्या शाळेलाही हक्काने मागता येतं.

अलीकडे वारं उलटं फिरलंय. राज्यभरातून निवडून ४८८ ‘आदर्श शाळा’, मग ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेची बक्षिसं. सुंदर शाळेचं कौतुक मलाही आहे. पण जिचं छप्परच गळतंय, ती शाळा स्पर्धेत उतरणार कशी?

दुसरी अडचण निर्लेखनाची. मोडकळीला आलेली खोली पाडायची तर आधी ती कागदोपत्री निर्लेखित व्हावी लागते. तपासणी, अहवाल, मंजुरी. नवीन खोलीची मंजुरी ही वेगळी फाइल, आणि ती बहुतेकदा जिल्हा नियोजन समितीच्या पैशावर अवलंबून. दोन्ही फाइली एका वेगाने चालत नाहीत. जुनं पडतं, नवं येत नाही, मधल्या काळात दोन-तीन वर्ग एका खोलीत. त्यात मार्च २०२२ ला पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. त्यानंतर कितीतरी काळ आपल्या गटाचा सदस्यच नव्हता, मग सभागृहात विचारणार कोण?

खरं तर माहिती तयार आहे. दरवर्षी मुख्याध्यापक यू-डायसमध्ये भरतात: किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या. त्याच आकड्यांवरून तालुक्याची क्रमवारी लावावी. मोठ्या दुरुस्तीच्या आणि निर्लेखित खोल्या आधी, मग वाढत्या वस्तीच्या जादा खोल्या, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. यात फाट्यावरच्या वाढत्या शाळांना वाट पाहावी लागेल, हे मी इथलाच असूनही म्हणतोय.

येत्या ग्रामसभेत तीन कागद मागा: आपल्या शाळेची यू-डायसमधली खोल्यांची नोंद, निर्लेखनाचा प्रस्ताव असेल तर त्याची तारीख, आणि जिल्हा परिषदेच्या यादीत आपला क्रमांक. मिळाले की इथेच कमेंटमध्ये टाका. आळे, राजुरी, बेल्हे, ओतूर, पिंपळवंडी, सगळ्यांचे शेजारी शेजारी लावून बघू.