चावडीवर कोण बसतं?

मराठी विकिपीडियावर संपादक जिथे जमून वाद घालतात, त्या पानाचं नाव 'चावडी' आहे. नवख्या माणसाने लिहून-पुसून हात बसवायचा, त्या पानाचं नाव 'धूळपाटी'. दोन्ही शब्द मला आवडतात. इंग्रजी शब्दाला कृत्रिम प्रतिशब्द जुळवत बसण्यापेक्षा कुणीतरी थेट गावात जाऊन शब्द उचलून आणले. पण धूळपाटी जितकी निरागस आहे, तितकी चावडी नाही.

गावची चावडी म्हणजे पार नव्हे. पारावर कुणीही टेकावं, तंबाखू मळावी, गप्पा हाणाव्यात. चावडी ही सरकारी कामाची जागा. तिथे पाटील बसायचा, कुलकर्णी दप्तर उघडायचा, वसुली व्हायची, फिर्यादी ऐकल्या जायच्या. महाराला तिथे काम भरपूर होतं: लोकांना बोलावून आणायचं, वसुलीचा पैसा तालुक्याला पोचवायचा, आल्या-गेल्या अधिकाऱ्याची चाकरी करायची. बसायला जागा मात्र नव्हती.

आणि एक काम असं होतं, जे त्याच्याशिवाय कुणालाच जमायचं नाही. गावाची शीव कुठे संपते हे महाराला माहीत असे. दोन गावांत हद्दीवरून तंटा लागला की त्याची साक्ष काढली जाई. तो दाखवी ती हद्द. मग कुलकर्णी ती दप्तरात लिहून घेई, आणि पुढच्या पिढीला पुरावा म्हणून उपयोगी पडे ते कुलकर्ण्याचं दप्तर. (याला 'पारंपरिक ज्ञानाचा सन्मान' वगैरे म्हणायचा मोह आवरावा. ही माहिती वेठीच्या चाकरीचा भाग होती.)

ज्याला माहीत आहे तो एक आणि जो लिहितो तो दुसरा. मी फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर संपादन करतो आणि चर्चापानांवरचे वाद वाचताना ही जोडी मला सारखी दिसते. वाद वरवर स्वल्पविरामांचे, शीर्षकांचे, संदर्भांचे असतात. खाली बऱ्याचदा प्रश्न एवढाच असतो की कुणाच्या माहितीला माहिती म्हणायचं.

विकिपीडियाचा दावा असा की इथे कुणी पाटील नाही. त्या दाव्याला इतिहासही आहे. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी आधी २००० साली 'न्यूपीडिया' काढला होता. तिथे लेख तज्ज्ञांनी लिहायचा आणि तो सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा. पहिल्या वर्षात दोन डझन लेखसुद्धा पुरे झाले नाहीत. मग १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला, दार सताड उघडं, पदवी विचारायची नाही. वर्षभरात हजारो लेख आले.

तरीही पदवीचं भूत गेलं नाही. इंग्रजी विकिपीडियावर 'एसजे' या टोपणनावाचा एक मोठा संपादक होता. आपण धर्मशास्त्रात पीएचडी असून एका खासगी विद्यापीठात प्राध्यापक आहोत, असं तो सांगायचा. २००६ मध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाने तसं छापलंही. पुढच्या वर्षी त्याच साप्ताहिकाला खुलासा करावा लागला: हा २४ वर्षांचा तरुण आहे, कुठलीही उच्च पदवी नाही, कधी शिकवलेलं नाही. वाद रंगला की तो आपल्या प्राध्यापकीचा दाखला द्यायचा. कॅथलिक पंथावरच्या एका 'डमीज' मालिकेतल्या पुस्तकाची बाजूही त्याने त्याच थाटात लढवली होती.

सगळे त्याच्या खोटेपणावर तुटून पडले, ते ठीकच. मला त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त खुपते. पदवी विचारायची नाही असा ज्या जागेचा नियम, तिथे रात्रंदिवस राबणाऱ्या मुलाला खोटी पदवी लावावीशी वाटली. कारण वादात ती चालत होती.

पदवीपेक्षा मोठा प्रश्न फुरसतीचा आहे. बिनपैशाचं काम कोण करू शकतो? याचं सर्वांत लखलखीत उदाहरण अडीचशे वर्षं जुनं आहे. फ्रान्समध्ये देनी दिदरोच्या संपादनाखाली १७५१ पासून 'आँसिक्लोपेदी' हा महाकोश निघू लागला. मजकुराचे १७ खंड आणि चित्रांचे ११. त्यातले सुमारे १७ हजार लेख, म्हणजे जवळपास पाव कोश, एकाच माणसाने लिहिले: लुई द जोकूर. खानदानी सरदार घराणं, लायडनमध्ये वैद्यकाचं शिक्षण. त्याने कोशाकडून मोबदला घेतला नाही. उलट पदरी लेखनिक ठेवून तो त्यांना सांगत जाई आणि ते लिहून घेत. त्यांचे पगार भागवायला शेवटी त्याने पॅरिसमधलं घर विकलं. विकत घेतलं कुणी, तर कोशाचा प्रकाशक ल ब्रेताँ याने, म्हणजे जो त्या फुकटच्या लेखांवर पैसा मिळवत होता त्याने! इंटरनेटवरच्या फुकट श्रमावर आज इतकं लिहिलं जातं, पण जोकूरच्या घराइतका स्वच्छ हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता याच कोशाची दुसरी बाजू. दिदरो हा लांग्र गावच्या सुऱ्या-चाकू बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोशात राजेरजवाड्यांच्या वंशावळीपेक्षा मोजे विणायचं यंत्र, काच फुंकणं, टाचणी घडवणं याला जागा द्यायची, असं त्याने ठरवलं. त्या काळात हे धाडसच. १७५० च्या आवाहनपत्रात तो सांगतो की आम्ही कारखान्यांत गेलो, कारागिरांना प्रश्न विचारले, ते सांगतील ते उतरवून घेतलं. लगेच पुढे तक्रारही करतो की हजार कारागिरांत आपल्या हत्यारांबद्दल नीट सांगू शकणारे डझनभर मिळाले तरी नशीब. चाकूवाल्याच्या मुलाने हे म्हणावं! ज्याचे हात बोलतात त्याला तोंडाने बोलता येत नाही, ही सुशिक्षितांची तक्रार तेव्हापासूनची आहे. कोशाच्या प्रस्तावनेत काही मोजक्या कारागिरांची नावं आभारासह आली. बाकीचे चित्रांत उरले, बिननावाचे, हत्यार हातात धरून.

महाराष्ट्रात कोशाचं काम अंगावर घेतलं ते श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. रायपूरला जन्मलेला, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवलेला आणि तिथे असतानाच भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर पुस्तक लिहिलेला हा माणूस. त्यांना जोकूरसारखी वडिलोपार्जित फुरसत नव्हती. म्हणून त्यांनी ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढली: 'ज्ञानकोश मंडळ लिमिटेड'. भागभांडवल, वर्गणीदार, पगारी नोकर, गावोगाव हिंडणं. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड १९२० च्या दशकात पुरे झाले. सरस्वतीची सेवा फुकट करावी, या आपल्याकडच्या लाडक्या कल्पनेला त्यांनी धंद्याचं रूप दिलं, याचं मला कोशाइतकंच कौतुक वाटतं. त्यांची अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली, हेही खरं.

पण केतकरांनाही वर्गणीदार तेच मिळणार होते जे वाचू शकत होते. १९२१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता ७ टक्क्यांच्या आसपास होती. पुढे सरकारी खर्चाने वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 'मराठी विश्वकोश' उभा राहिला. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. तोही विद्वानांनी, विद्वानांच्या पद्धतीने लिहिलेला. त्यात गैर काही नाही. विश्वकोशाने 'कुणीही लिहा' असं वचन कधी दिलंच नव्हतं.

ते वचन विकिपीडियाचं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तेव्हा घरात संगणक, त्यावर इंटरनेट आणि देवनागरी टंकायची खटपट हे तिन्ही असलेलं मराठी घर कसलं असेल, ते सांगायला नको. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, फोन हातोहात गेले, तेव्हा दार खरंच उघडलं असं वाटलं. तुम्ही हा लेख बहुधा फोनवरच वाचत असाल. याच फोनवरून विकिपीडियाचं पान दुरुस्तही करता येतं.

आणि इथे दुसरा उंबरठा लागतो. विकिपीडियाचा पायाचा नियम: स्वतःला माहीत आहे म्हणून लिहायचं नाही, आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झालेलं असेल तरच लिहायचं. नाहीतर वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लागते. नियम चांगला आहे. तो नसता तर विकिपीडिया एव्हाना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला असता. पण त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही.

समजा, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला ऊसतोडणीवर लेख लिहायचा आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात, मुकादमाकडून हंगामाआधी 'उचल' घेतात, हे तिला पाढ्यांसारखं पाठ आहे. पण लेखात ते टिकायला हवं तर तिला कुण्या पत्रकाराचं किंवा संशोधकाचं वाक्य शोधावं लागेल, जो तिच्याच आईला दोन तास भेटून गेलेला असेल.

गावच्या जुन्या धंद्यांबद्दल लिहायचं झालं तर कपाटात काय सापडतं? ब्रिटिशांची गॅझेटियर्स. मुलकी अधिकारी एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड, १९२० ते १९२२ चे, म्हणजे केतकरांच्या खंडांचे समकालीन. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा'. आत्रे महसूल खात्यातले. पुस्तक अफाट माहितीचं, कुणब्याच्या कळवळ्याने लिहिलेलं, भटक्या जमातींकडे मात्र संशयाने बघणारं. सगळे पुन्हा दप्तरवाले. इंग्रजी विकिपीडियावर जातींच्या लेखांत ब्रिटिशकालीन जातवर्णनं विश्वासार्ह धरू नयेत, असा संकेत संपादकांत रूढ झाला आहे. योग्यच आहे. फक्त ज्या समाजांवर नंतर कुणी लिहिलंच नाही, त्यांची पानं त्यामुळे रिकामी होतात.

मग आत्मकथनं आहेत ना! दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, लक्ष्मण माने यांचा 'उपरा' १९८० चा, लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' १९८७ चा. पण विकिपीडियाच्या वर्गवारीत आत्मकथन हे प्राथमिक साधन. लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यापुरतं ते चालतं; त्यावरून व्यवस्थेबद्दल विधान करायचं तर तिसऱ्याने केलेला अभ्यास हवा. म्हणजे बलुतेदारीबद्दल बोलायला 'गावगाडा' हा अभ्यास ठरतो आणि 'बलुतं' ही आठवण. तर्क मला समजतो, पटत नाही. जो व्यवस्थेच्या बाहेर उभा राहून बघू शकला तो तटस्थ, आणि बाहेर उभं राहायची सोय तर एका वर्गालाच होती.

यावर उपाय शोधायचा एक प्रयत्न २०११ मध्ये झाला. अचल प्रभला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांच्या संपादकांबरोबर 'मौखिक संदर्भ' करून पाहिले. माहीतगार माणसाशी बोलायचं, आवाज ध्वनिमुद्रित करायचा, तो सगळ्यांना ऐकता येईल असा ठेवायचा आणि लेखात पुस्तकाच्या जागी तोच संदर्भ द्यायचा. 'पीपल आर नॉलेज' नावाचा माहितीपटही त्यावर झाला. संपादकांत पुष्कळ वाद झाले. सांगणारा खोटं बोलला तर? एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचा दुजोरा कुठला? आक्षेप पोकळ नव्हते, आणि तो सर्वमान्य नियम कधी झाला नाही. पण छापलेला माणूस खोटं बोलला तर काय, हा प्रश्न इतक्या जोराने विचारला जात नाही.

दुसरी वाट लांबची. त्याच बोलण्याला आधी छापखान्यात न्यायचं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हेच केलं. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या स्त्रिया हयात होत्या तोवर त्यांनी त्यांना शोधलं, भेटल्या, बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. २००८ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि मग जगभरच्या संशोधकांच्या तळटिपांत ते दिसू लागलं. आज त्या स्त्रियांबद्दल विकिपीडियावर काही लिहायचं तर 'संदर्भ हवा' या चिठ्ठीच्या जागी पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक टाकता येतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती. तिथे मांडवात बसलेल्या बाईला काय आठवतं, हे शेजारणीला विचारलं असतं तरी कळलं असतं. ते संदर्भ म्हणून चालायला ४७ वर्षं जावी लागली, आणि तेही दोघीजणी दारात येऊन बसल्या म्हणून.