पोढीवरची नावे

शिवनेरीच्या पोटातील लेण्यांत सातवाहनकाळचा एक छोटा लेख आहे. गत लोकांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान केल्याची त्यात नोंद आहे. परमुलखातून आलेल्या या माणसाचे नाव टाक्यामुळेच उरले.

गेल्या दिवाळीत आंबेगाव तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला, तेव्हा मला या इरिलाची आठवण झाली. पोरगा ड्रोन जुळवतो. आमच्याकडे उसात बिबट्या दडतो, म्हणून तोडणीपूर्वी शेत न्याहाळणारे यंत्र त्याने केले आहे. "याचा मेंदू कोणाचा?" मी विचारले. "कोणाचाही नाही, गुरुजी. उघडा आहे."

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरी त्याने सांगितलेला इतिहास मी कादंबरीसारखा ऐकला. १९२२ साली मिनॉर्स्की या मूळच्या रशियन अभियंत्याने जहाजाच्या सुकाणूवाल्याची रीत गणितात मांडली: नौका किती ढळली, किती वेळ ढळलेली आहे, किती वेगाने ढळते आहे. ड्रोन आज हाच हिशेब सेकंदाला शेकडो वेळा करतो. २००७ मध्ये अमेरिकेत ख्रिस अँडरसन या संपादकाने मुलांच्या लेगो खेळण्यातून स्वयंचालक बनवला. जॉर्डी मुन्योस या मेक्सिकन तरुणाने व्हिडिओ-खेळाच्या दांडीतला संवेदक काढून खेळण्यातले हेलिकॉप्टर स्थिर केले. त्यातून 'आर्डूपायलट' उभे राहिले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलसारखे अनेकजण त्यात आले. २०१४ साली तिथल्या एका स्पर्धेत या आज्ञावलीवर उडणाऱ्या विमानाने माळरानात हरवलेला 'जो' शोधून त्याच्यापाशी पाण्याची बाटली टाकली. जो म्हणजे बाहुला होता, पण मला ती बाटली फार आवडली!

या आज्ञावलीचा करार मात्र इरिलापेक्षा कडक आहे. ती वाचा, बदला, विका. परंतु बदललेली ज्याला द्याल, त्याला तिचे मूळ लिखाणही द्या. 'पीएक्स४' नावाची दुसरी अशीच आज्ञावली ही सक्ती करीत नाही. मला पहिलीच बरी वाटते. टाक्यावर कुलूप पडत नाही.

पोरगा चकली मोडीत गप्प बसला. मग म्हणाला, उसाची पाती हलली की उंची मोजणारा संवेदक फसतो. त्यावर त्याने तोड काढली आहे. एक व्यापारी ती बंद करून मागतो, पैसा चांगला देतो. घरावर कर्ज आहे. मी शिक्षकी उपदेश करणार होतो, पण कर्ज माझे नव्हते. मी फक्त इरिलाची गोष्ट सांगितली.

महिन्याभराने त्याचा फोन आला.

"गुरुजी, तोड सगळ्यांसाठी टाकतोय. खाली नाव लिहायचंय. गावाचंही घालू का?"

"घाल," मी म्हणालो. "इरिलानेही कुठला ते घातलं होतं."