दंडावरची लस, खाटेवरचा विमा

नाशिकमध्ये लसीचा खर्च गेली सव्वाशे-दीडशे वर्षे मुख्यतः सरकार आणि नगरपालिका यांच्या तिजोरीतून होत आला. सरकारी आरोग्य विमा पुष्कळ उशिरा आला आणि तो रुग्णालयातल्या खाटेभोवती उभा राहिला. साठी उलटलेल्या माणसाची लस या दोन्ही व्यवस्थांच्या मध्ये पडली, ती कशी, हे क्रमाने पाहावे लागते.

सुरुवात देवीच्या रोगापासून होते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली लस. पुढे मुंबई इलाख्यात पगारी टोचणारे नेमले गेले आणि १८९२च्या मुंबई जिल्हा लसटोचणी कायद्याने तो लागू केलेल्या गावांत मुलांची लस सक्तीची झाली. सक्तीचा रोख तान्ह्या मुलांवर होता. म्हाताऱ्यांना एक तर लहानपणी देवी येऊन गेलेल्या असत, किंवा त्या आता येणार नाहीत असे धरले जाई. नाशिकची नगरपालिका १८६४ची. सार्वजनिक लसटोचणी हे नगरपालिकांचे आवश्यक कर्तव्य ठरले आणि १९४९च्या महानगरपालिका कायद्यातही ते कायम राहिले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हा हा वारसा तिच्याकडे आपोआप आला. टोचून घेणाऱ्याने पैसे द्यायचे, असा प्रश्न या परंपरेत उद्भवलाच नाही.

मोठ्या माणसांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची वेळ प्लेगने आणली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत साथ उघड झाली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. साथ रेल्वेने नाशिककडे सरकली. १८९९ साली नाशिकजवळच्या भगूरमध्ये वि. दा. सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले; त्यांचे मुलगे गणेश आणि नारायण यांनाही रोग जडला, पण ते वाचले. हाफकिनच्या लसीने दंड सुजे, सडकून ताप येई आणि संरक्षण पूर्ण मिळत नसे. तरी ती घेतल्याचा दाखला असला की घरझडती आणि विलगीकरण छावणीच्या जाचातून सवलत मिळण्याची सोय इलाख्यात केली गेली. लोक टोचून घेत त्यात रोगाइतकीच छावणीची धास्ती होती, असे म्हणायला हरकत नाही. म्हातारपणाचा विचार याही वेळी नव्हता. वस्ती पाहून लस दिली जाई.

१९१८च्या इन्फ्लुएन्झाला तर लसच नव्हती. जूनमध्ये मुंबईत दिसलेली ही साथ शरद ऋतूत दुसऱ्या लाटेने देशभर पसरली आणि भारतात सव्वा कोटींहून अधिक माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. तिने विशेषकरून तरणीताठी माणसे नेली. फ्लू हा म्हाताऱ्यांना जास्त धोक्याचा आजार, हे दरवर्षीच्या साध्या फ्लूवरून नंतर ठसलेले ज्ञान आहे.

त्यानंतरच्या काळात लस कोणाला, हे यात्रेने आणि मोहिमेने ठरवले. जत्रा-यात्रांच्या वेळी पटकीची लस टोचण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळली होती. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पटकीच्या दाखल्याची अट काढली. तोवर या लसीचा उपयोग तोकडा असल्याचे कळून चुकले होते. १९६२च्या देवी निर्मूलन कार्यक्रमात मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना टोचायचे होते. त्या काळची आठवण अनेकांच्या अंगावर आहे. फिरत्या चकतीचे दाते दंडावर टेकवून ती गरकन फिरवत. त्याचे रुपयाएवढे गोल वण जुन्या पिढीच्या दंडावर अजून दिसतात. पुढे दुभंगी सुई आली. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. १९७८च्या लसीकरण कार्यक्रमाने आणि १९८५च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने सारे लक्ष बालके आणि गर्भवतींकडे वळवले, आणि प्रौढांची लस सरकारी यादीतून जवळपास नाहीशी झाली.

विम्याची वाट वेगळी. राज्य कामगार विमा कायदा १९४८चा. नाशिकमधल्या सातपूर, अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्याचा आधार मिळाला आणि सातपूरला त्याचे रुग्णालय झाले. या योजनेत बाह्यरुग्ण उपचारही आहेत, शिवाय किमान पाच वर्षांच्या विमाधारक नोकरीनंतर निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. मात्र पगार मर्यादेच्या वर गेला की माणूस योजनेबाहेर जातो. नाशिकरोडच्या नोटा आणि स्टॅम्प छापणाऱ्या सरकारी मुद्रणालयांतून निवृत्त झालेल्यांची कथा निराळी. केंद्राच्या आरोग्य योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनराला जुलै २०१७पासून महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. त्यात आधी रक्तदाबाच्या गोळ्या बसतात. पैसे उरलेच तर लस.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नाशिक नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जायचे आणि ठरलेल्या ९७१ उपचारांपैकी एखादा दीड लाखापर्यंत मोफत मिळवायचा, अशी तिची तेव्हाची रीत होती. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे संरक्षण मिळाले. हे सारे दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. फ्लूनंतर न्यूमोनिया होऊन रुग्ण अतिदक्षता विभागात गेला, तर बिल योजनेकडे पाठवता येते. तो न्यूमोनिया टाळू शकणाऱ्या सुईला मात्र पॅकेज नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्याने न्यूमोनियाची लस १९८१पासून आणि फ्लूची १९९३पासून आपल्या खर्चात घेतली, हे ध्यानात घेतले की इथला फरक उठून दिसतो.

२००९च्या स्वाइन फ्लूने पुण्याबरोबर नाशिकलाही हादरवले. २०१५ साली राज्य सरकारने गर्भवती, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी फ्लूची लस ऐच्छिक व मोफत केली. निकष आजार, गरोदरपण किंवा काम हा होता, वय नव्हे. धडधाकट पंचाहत्तरीचा माणूस त्यात बसत नसे.

उतारवय हाच निकष पहिल्यांदा ठळकपणे आला तो कोविडमध्ये. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या सर्वांना आणि सहव्याधी असलेल्या पंचेचाळिशीपुढच्यांना लस खुली झाली. सरकारी केंद्रांत ती मोफत होती, तर खासगी रुग्णालयांत मात्रेला २५० रुपयांची मर्यादा होती. गंमत अशी की ही खासगी रुग्णालये निवडताना आयुष्मान भारत आणि राज्याच्या विमा योजनांशी संलग्न असलेल्यांची यादी वापरली गेली. विम्याची यादी कामी आली, विम्याचा पैसा नाही. पुढे साठीपुढच्यांना वर्धक मात्राही मोफत मिळाली, आणि साथ ओसरल्यावर ती व्यवस्था आवरली गेली.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि विषाणूचे वाण बदलत राहतात, म्हणून लस दरवर्षी, शक्यतो जूनच्या आधी घ्यावी लागते. नाशिकमध्ये ती घेणारे ज्येष्ठ बहुतेक फॅमिली डॉक्टरकडे दीड-दोन हजार रुपये पदरचे मोजून घेतात. न्यूमोनियाची आणि नागिणीची लस याहून महाग आहे.