गावकीच्या खोलीपासून स्टुडिओ अपार्टमेंटपर्यंत

आपल्या संगमेश्वर-देवरुख भागातली पोरं मुंबईत नोकरीला लागली की पहिला प्रश्न जागेचा. एजंट हल्ली 'स्टुडिओ अपार्टमेंट' दाखवतो. म्हणजे काय? एकच खोली, कोपऱ्यात ओटा आणि संडास-बाथरूम आतमध्ये. नाव नवीन, खोली आपल्या ओळखीचीच. आपल्या आजोबा-पणजोबांनी अख्खी हयात अशाच एका खोलीत काढली. फरक एवढाच की त्यांचा संडास गॅलरीच्या टोकाला होता. आणखी एक फरक आहे, तो मात्र मोठा आहे. त्यासाठीच हा जरा लांबलचक इतिहास.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. त्यांच्यासाठी मालकांनी चाळी बांधल्या. १८९६ मध्ये प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. बीआयटी चाळी त्याच्याच. परळच्या अशाच चाळीतल्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कितीतरी वर्षं काढली.

१९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला त्या खोल्यांना भाडेकरूच मिळेनात, कारण भाडं परवडत नव्हतं. स्वातंत्र्य चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला. यावरून बांधकामाची कल्पना करा!

१६० फुटांत कुटुंब राहायचं हे एक, आणि गावकीची खोली हे दुसरं. गावातल्या गड्यांनी वर्गणी काढून एक खोली घ्यायची. पंधरा-वीस जणांच्या ट्रंका आणि वळकट्या तिथे. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. नव्या पोराला मुंबईत उतरल्यावर डिपॉझिट लागत नव्हतं, गावचं नाव पुरत होतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रण आणावं लागलं. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. त्यात १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाणभूत धरलं, आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येईनासं झालं. गिरणी कामगाराला या कायद्याने मोठा आधार दिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. हातचं काम गेलं, तरी अनेकांच्या डोक्यावरचं छप्पर राहिलं ते या कायद्यामुळे.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. भाडं गोठलं ते गोठलंच. वीस-पंचवीस रुपये भाड्यात मालक डागडुजी कशी करणार? त्याने हात वर केले. खोलीचे हक्क पागडीवर, म्हणजे रोख रकमेवर, फिरू लागले. इमारती पडायला लागल्यावर १९६९ मध्ये सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. १९७३ मध्ये तर लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मग मालकांनी धसकाच घेतला. जागा भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावलेलं बरं, असं अनेकांना वाटू लागलं.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पागडीला कायद्यात जागा मिळाली. नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला मात्र लिव्ह अँड लायसन्स आलं. म्हणजे तुम्ही भाडेकरू नाहीच, राहायची परवानगी मिळालेला माणूस. मुदत संपली की निघायचं. नाही निघालात तर दुप्पट दराने भरपाई.

तो मोठा फरक हाच. बीडीडीतल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतंय. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. हे कुणाचे उपकार नव्हेत, तीन-तीन पिढ्या टिकलेल्या भाडेहक्काची ती किंमत आहे. शेजारच्या टॉवरमध्ये स्टुडिओ घेऊन राहणारा आपला पोरगा दहा वर्षं भाडं भरेल, पण त्याच्या नावावर दहा मिनिटांचा हक्क तयार होणार नाही.

जुना कायदा परत आणा असं मी म्हणत नाही. त्याने घरं सडली हे खरंच आहे. पण एका टोकावरून आपण थेट दुसऱ्या टोकाला गेलो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट नको असं म्हटलंय. पण तो नुसता नमुना आहे, कायदा राज्यांनी करायचा. मतं मागायला येणाऱ्यांना या विषयावर कुणी प्रश्न विचारलाय का?

तोवर एवढं तरी करा. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही' असं एजंट म्हणाला तर ऐकू नका. आपल्या राज्यात करार कितीही महिन्यांचा असो, कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. डिपॉझिट रोखीने देऊ नका, बँकेतून द्या.

आणि मुंबईतल्या आपल्या ग्रामस्थ मंडळांना एक विनंती. सत्यनारायण, क्रिकेटचे सामने होऊ देत. पण नव्या पोराला पहिले तीन महिने काढायला गावकीची एखादी खोली पुन्हा घेता येईल का, हेही एकदा बैठकीत मांडा.

तुमच्या गावची खोली कुठल्या चाळीत होती? आठवत असेल तर जरूर लिहा. ही नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात सापडणार नाही.