भिजवून फिके केलेले आमिष (कार्प मासेमारी)

गळाला लावण्यापूर्वी बराच काळ पाण्यात ठेवून ज्याचा रंग, वास आणि कडकपणा मुद्दाम कमी केलेला असतो, अशा कार्प माशाच्या आमिषास भिजवून फिके केलेले आमिष म्हणतात. ब्रिटनमध्ये ते ‘वॉश्ड-आउट बेट’ या नावाने ओळखले जाते. ज्या तळ्यांवर वर्षभर सतत गळ टाकले जातात व ज्यांतील मासे त्यामुळे सावध झालेले असतात, तेथे ही पद्धत प्रामुख्याने वापरतात. आमिषाचे आकर्षण काही अंशी गमावून त्याबद्दलचा माशाचा संशय कमी करणे, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे.

पार्श्वभूमी

कार्प (सायप्रिनस कार्पिओ) हा गोड्या पाण्यातील मासा आहे. महाराष्ट्रातील मत्स्यशेतीत तो ‘सायप्रिनस’ या नावाने परिचित असून तेथे तो खाण्यासाठी वाढवला जातो. ब्रिटनमध्ये मात्र कार्प पकडणे हा मुख्यतः छंद आहे. पकडलेल्या माशाचे वजन व छायाचित्र घेऊन त्यास पुन्हा पाण्यात सोडण्याची तेथे प्रथा आहे. त्यामुळे एकच मासा अनेक वर्षे निरनिराळ्या व्यक्तींच्या गळाला लागतो. मोठ्या माशांना नावेही दिली जातात. केंट परगण्यातील कॉनिंगब्रुक तळ्यातील ‘टू-टोन’ नावाच्या कार्पचे वजन ६७ पौंड १४ औंस (सुमारे ३०.८ किलोग्रॅम) भरले होते. हा मासा २०१० मध्ये मरण पावला.

इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठा कार्प गळाने पकडणे जवळजवळ अशक्य मानले जाई. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांनी हेरफर्डशायरमधील रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा (सुमारे २० किलोग्रॅम) कार्प पकडला. त्यानंतर या छंदाकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले. १९७० च्या दशकात फ्रेड विल्टन यांनी पौष्टिक प्रथिनयुक्त आमिषाची कल्पना मांडली. पुढे ‘बॉइली’ हे आमिष रूढ झाले. प्रथिनयुक्त पीठ अंड्यात मळून त्याच्या गोळ्या उकळल्या की त्यांवर घट्ट साल धरते. या सालीमुळे लहान मासे गोळी सहज फोडू शकत नाहीत. १९८० च्या सुमारास लेन मिडलटन व केव्हिन मॅडॉक्स यांची ‘हेअर रिग’ ही रचना प्रसिद्धीस आली. तीत आमिष गळात न खुपसता गळाला जोडलेल्या बारीक धाग्यात ओवतात. या दोन साधनांमुळे कार्प सापडणे सोपे झाले, तळ्यांवरील गर्दी वाढली आणि मासेही अधिक सावध होत गेले.

कारणमीमांसा

कार्प अनुभवातून शिकतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. डच जीवशास्त्रज्ञ जे. जे. ब्यूकेमा यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकदाच गळाला लागलेले कार्प पुढे दीर्घकाळ गळ टाळताना आढळले. त्यांनीच पाइक या शिकारी माशावरही प्रयोग केले. एकदा पकडलेले पाइक फिरत्या कृत्रिम आमिषापासून दूर राहू लागले, परंतु जिवंत माशाच्या आमिषाला ते पूर्वीसारखेच बळी पडत राहिले. म्हणजेच मासा कोणत्या आमिषाबाबत सावध होतो, हे आमिषाच्या प्रकारावर अवलंबून असू शकते.

फिक्या आमिषाचे समर्थक याच दिशेने युक्तिवाद करतात. गर्दीच्या तळ्यात ताज्या, रंगीत व उग्र वासाच्या गोळ्यांबरोबर बहुधा गळही असतो. न खाल्लेल्या गोळ्या मात्र लोक निघून गेल्यावरही तळाशी पडून राहतात. एक-दोन दिवसांत त्या फुगतात, मऊ होतात व पांढुरक्या दिसू लागतात. अशा गोळ्या खाताना माशाला सहसा अपाय होत नाही. म्हणून जुनाट दिसणारे आमिष त्यास सुरक्षित वाटत असावे, असे मानले जाते. माशांची शिकण्याची क्षमता प्रयोगसिद्ध असली, तरी फिकेपणाविषयीचा हा निष्कर्ष प्रामुख्याने गळ टाकणाऱ्यांच्या अनुभवावर आधारलेला आहे.

दुसरे कारण तळाच्या गाळाशी संबंधित आहे. कोरडी गोळी पाण्याबरोबर काळ्या गाळाचा कुजका वासही शोषून घेते. आधीच स्वच्छ पाण्याने भरलेली गोळी तो कमी प्रमाणात शोषते, असे सांगितले जाते.

तयार करण्याची रीत

गोळ्या झाकणाच्या भांड्यात घेऊन त्या बुडतील इतके, शक्यतो त्याच तळ्याचे, पाणी घालतात. गोळ्या फुगत असल्याने भांड्यात मोकळी जागा ठेवतात. भिजवण्याचा काळ साधारणपणे २४ ते ४८ तासांचा असतो. मोठ्या व घट्ट गोळ्यांना अधिक वेळ लागतो. उन्हाळ्यात पाणी लवकर आंबते, म्हणून ते बदलतात किंवा भांडे थंड जागी ठेवतात. आंबूस वासाच्या किंवा बुरशी आलेल्या गोळ्या टाकून देणे इष्ट असते.

शेंगदाणे व तत्सम कठीण दाणे भिजवणे ही वेगळी बाब आहे. कार्पला जठर नसते आणि कोरडे दाणे त्याच्या पोटात फुगून अपाय करू शकतात. त्यामुळे असे दाणे पुरेसे भिजवून व शिजवूनच वापरावे लागतात.

मर्यादा

भिजवताना आमिषातील विद्राव्य अमिनो आम्ले, क्षार व शर्करा पाण्यात उतरतात. याच द्रव्यांच्या वासाने व चवीने कार्प दुरून अन्नाकडे येतो. त्यामुळे जेथे मासे आधीच चरत असतात, तेथे फिके आमिष उपयुक्त ठरते, परंतु ओसाड जागी मासे ओढून आणण्यास ते अपुरे पडते. मऊ गोळ्या दूर फेकताना फुटतात, धाग्यातून निसटतात आणि लहान मासे त्या कुरतडतात. यासाठी काही जण तळावर टाकायच्या गोळ्या भिजवतात व धाग्यात ओवण्याची गोळी त्याच फिक्या रंगाची, पण कडक ठेवतात.

ही पद्धत सर्वत्र रूढ झाल्यास फिके आमिषच धोक्याची खूण ठरण्याची शक्यता असते. मासा सुरक्षित समजतो अशी एकच खूण सर्वांनी वापरली, तर तिचा लाभ टिकणे कठीण असते.