धांवत्या क्षणाचें छायाचित्र

गेल्या हिवाळ्यांत सालेकसा तालुक्यांतील एका खेड्यांत शंकरपट पाहण्याचा योग आला. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा वनप्रदेश हाजरा धबधब्यामुळें आणि कचारगडच्या गुहांमुळें थोडाबहुत प्रसिद्ध आहे. परंतु धानाची कापणी उरकून बांध्या मोकळ्या झाल्या म्हणजे या बाजूस बैलांच्या शर्यतींचा जो हंगाम सुरू होतो, त्याची ओळख पुण्यामुंबईच्या वाचकांस क्वचितच असते. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें या शर्यती बंद पडल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरांत त्यांस पुन्हा वाट मिळाली, आणि तेव्हांपासून लोकांचा उत्साह दुणावला आहे.

त्या दिवशीं दोन जोड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकदम सुटल्या आणि शेवटच्या रेषेवर जवळजवळ एकाच वेळीं आल्या. दोन्ही धुरकऱ्यांचे पक्षपाती आरडाओरडा करूं लागले, पंचांत एकमत होईना, आणि अखेरीस सर्वांची दृष्टि रेषेजवळ उभ्या असलेल्या एका तरुण छायाचित्रकाराकडे वळली. लग्नसमारंभांचीं चित्रें काढून पोट भरणारा हा मुलगा केवळ हौसेनें पटावर आला होता. त्यानें कॅमेऱ्याच्या पाठीवरील कांचेंत चित्र उघडून दाखविलें. चित्रांत रेषा होती, धुरळा होता, आणि एका बैलाचें शेपूट होतें. एक वृद्ध पंच म्हणाले, “बापू, बैल गेले अन् तुयी मशीन मांगंच राह्यली!” हंशा पिकला, बक्षीस दोघांत वांटून तंटा मिटला, परंतु त्या मुलाचा चेहरा कांहीं केल्या माझ्या दृष्टीसमोरून हालेना. त्यानें आळस केला नव्हता. बैल रेषेवर पाहिले त्याच क्षणीं त्यानें बटण दाबलें होतें. पाहिलें तेव्हां दाबलें, हीच त्याची चूक!

खेळांचीं छायाचित्रें काढणें हाच ज्यांचा धंदा आहे, ते कॅमेऱ्यापासून नेमकें काय मागतात? मोठमोठे कारखानदार आपला सर्वश्रेष्ठ म्हणून जो कॅमेरा दर चार वर्षांनीं, बहुधा ऑलिंपिकच्या सुमारास, बाजारांत आणतात, तो कोणत्या गरजेपोटीं जन्मास येतो? सामान्य समजूत अशी कीं, अशा महाग यंत्रांतून चित्र अधिक सुंदर व अधिक मोठें निघत असावें. वस्तुतः तसें नाहीं. या मंडळींची मुख्य मागणी सौंदर्याची नसून खात्रीची आहे: क्षण हुकतां कामा नये, आणि साधलेला क्षण हरवतां कामा नये. या मागणीचा इतिहास पाहूं लागलें तर त्यांत एका मराठी माणसाचें नांव फार लवकर येतें.

आपल्याकडे छायाचित्रणाचा प्रवेश लवकर झाला. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांसारखे विद्वान् गृहस्थ तींत उत्साहानें भाग घेत. परंतु त्या काळची ओली कांच प्रकाश टिपण्यास कित्येक सेकंद घेई. बसलेल्या माणसाची मान हालूं नये म्हणून मागें लोखंडी चिमटा लावावा लागे. मग धांवणाऱ्या माणसाची गोष्टच नको. त्या चित्रांतील आपले पूर्वज एवढे गंभीर कां दिसतात याचें अर्धें कारण स्वभावांत नसून त्या चिमट्यांत आहे.

धांवता देह पहिल्यानें पकडला तो एडवर्ड मायब्रिज यानें, अमेरिकेंत, १८७८ सालीं. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांच्या मैदानावर त्यानें १२ कॅमेरे ओळीनें मांडले आणि त्यांचे दोरे वाटेवर आडवे ताणले. घोडा धांवतां धांवतां दोरा तोडी आणि त्या त्या कॅमेऱ्याचें शटर उघडे. धांवतांना घोड्याचे चारही पाय एका क्षणीं जमिनीपासून सुटतात कीं नाहीं, या वादाचा निकाल त्यानें लागला. पाय सुटतात, परंतु चित्रकार दाखवीत आले तसे पुढेंमागें ताणलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतांना. ज्या गोष्टीचा निर्णय मानवी डोळा शतकानुशतकें करूं शकला नाहीं, ती यंत्रानें एका सकाळीं सांगितली. आमच्या पटावरील तंटा जातीनें हाच होता. पुढें जर्मनींत ओटोमार आन्शुत्स यानें सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतें उघडणारें शटर बनविलें, आणि क्षणाचे तुकडे पाडण्याचें साधन हातीं आलें.

आतां आपल्याकडे वळूं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन्स हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, आणि तीं हालतीं चित्रें पाहून सावे दादांनीं इंग्लंडांतून रायली बंधूंचा कॅमेरा २१ गिनींस मागविला. १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती त्यांनीं मुद्दाम ठरवून घेतली आणि ती चित्रित केली. भारतीय माणसानें घेतलेलें पहिलें चलच्चित्र म्हणून चित्रपटाचे इतिहासकार तिचा उल्लेख करतात. परंतु ती क्रीडाचित्रणाचीही आपल्याकडील आरंभरेषा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. मंदिरें, मिरवणुका, समुद्र हे सारे विषय हाताशीं असतां या धंदेवाईक छायाचित्रकारानें कुस्तीच कां निवडली? मला वाटतें, त्यांत त्याची व्यवसायदृष्टि दिसते. तिकाटण्यावर खिळलेल्या त्याच्या कॅमेऱ्यास मान वळवितां येत नव्हती, अंतर बदललें तर चित्र अस्पष्ट होणार होतें, आणि सूर्यप्रकाशावांचून कांहींच उमटणार नव्हतें. उघड्यावरची, ठरीव जागेंतली कुस्ती हाच असा खेळ होता कीं ज्यांत गति भरपूर, पण गतीस कुंपण. यंत्राच्या मर्यादा ओळखून त्यानें खेळ निवडला. तेव्हांपासूनचा इतिहास म्हणजे या मर्यादा एकेक करून कशा तुटल्या, याची हकीकत होय.

त्या तुटण्यास वेळ लागला. शाहूमहाराजांच्या प्रेरणेनें उभारलेलें कोल्हापूरचें खासबाग मैदान १९१२ सालीं पुरें झालें. तेथें हजारों लोकांनीं मोठमोठ्या कुस्त्या पाहिल्या. परंतु आमच्या तालमींच्या भिंतींवर जीं जुनीं चित्रें लटकतात, तीं बहुधा खांद्यावर गदा घेऊन निश्चल उभ्या राहिलेल्या मल्लांचीं. डाव पडला तो क्षण भिंतीवर नाहीं. तो म्हाताऱ्यांच्या सांगण्यांत राहिला, आणि त्यांच्याबरोबर गेला. ज्या यंत्रापुढें उभें राहावें लागतें, तें यंत्र खेळाडूचें चित्र काढतें, खेळाचें नव्हे.

मैदानाबाहेर उभें राहून आंतला खेळ जवळ आणावयाचा तर लांब पल्ल्याचें आणि तरीही भरपूर प्रकाश आंत घेणारें भिंग पाहिजे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्तानें त्साइस कारखान्यानें १८० मिलिमीटरचें असें भिंग तयार केलें, आणि तें ‘ऑलिंपिया’ याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. त्याच बर्लिनमध्यें ध्यानचंदांच्या संघानें हॉकीच्या अंतिम सामन्यांत जर्मनीस ८-१ असें हरविलें, आणि आमच्या विदर्भांतील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें कबड्डीसह देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं.

दुसरी अडचण संख्येची. एकच चित्र घ्यावयाचें तर तें आधीं घ्यावें कीं मागाहून, हा जुगार. १९५९ सालीं निघालेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्यास विजेची मोटर जोडतां येई, व ती फिल्म आपोआप पुढें सरकवी. कॅनननें १९७२ सालीं सेकंदास ९ आणि १९८४ सालीं सेकंदास १४ चित्रें घेणारे खास कॅमेरे बनविले. परंतु फिल्मच्या गुंडाळींत चित्रें असत ३६! म्हणजे ९ च्या वेगानें ती अवघ्या ४ सेकंदांत संपे. कबड्डींतील एक चढाई ३० सेकंदांची असते. चढाई करणारा मध्यरेषेकडे परत झेपावेल तेव्हां छायाचित्रकार गुंडाळी बदलीत बसलेला असावयाचा. शिवाय, सावे दादांच्या काळचे चलच्चित्राचे कॅमेरे हातानें दांडा फिरवून सेकंदास सुमारें १६ चित्रें घेतच होते! स्थिर चित्राची स्पष्टता कायम राखून हा वेग गांठण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

तिसरी अडचण सर्वांत चमत्कारिक. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत भिंगामागें एक आरसा असे व त्यांतून छायाचित्रकार पाही. चित्र घेण्याच्या क्षणीं तो आरसा वर उडे आणि पाहणारा आंधळा होई. म्हणून त्या पिढीचे अनुभवी लोक नवशिक्यास सांगत कीं, निर्णायक क्षण तुला दिसला असेल तर तो तुझ्या हातून गेला असें समज. २०१७ सालीं सोनीच्या ए-९ या बिनआरशाच्या कॅमेऱ्यानें सेकंदास २० चित्रें घेत असतांही दृष्टि अखंड ठेवली. परंतु त्यांतही एक खोड उरली. सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीनें वाचला जाई, त्यामुळें वेगानें फिरणारी बॅट कधीं वांकलेली दिसे. २०२३ च्या नोव्हेंबरांत जाहीर झालेल्या त्याच मालिकेंतील तिसऱ्या कॅमेऱ्यांत सगळा सेन्सर एकाच क्षणीं वाचला जातो, आणि सेकंदास १२० चित्रें निघतात.

आणखी दोन गरजा येथें सांगितल्या पाहिजेत, कारण सामान्य ग्राहकास त्या सुचत नाहींत. पहिली, अंधारांतील दृष्टि. भारतांतील पहिला दिवसरात्रीचा एकदिवसीय क्रिकेट सामना १९८४ सालीं दिल्लीस झाला. पुढें २०१४ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगनें मातींतला खेळ छताखालीं व दिव्यांखालीं नेला. दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांस झगझगीत भासला तरी कॅमेऱ्यास तो अपुराच. म्हणून ही मंडळी चित्राचे कण वाढविण्याचा आग्रह धरीत नाहींत; २०२० नंतरच्या या जातीच्या कॅमेऱ्यांपैकीं कित्येकांत ते सुमारें २४ दशलक्षच आहेत, आणि याहून स्वस्त कॅमेऱ्यांत ते अधिक सांपडतात! कण आटोपशीर असले म्हणजे चित्र वाचण्यास व पाठविण्यास वेळ थोडा लागतो. दुसरी गरज याच पाठवणीची. सावे दादांस आपली फिल्म धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागे, आणि कुस्ती साधली कीं फसली हें आगबोट परत येईपर्यंत कळत नसे. आज गोलामागें बसलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यास थेट तार जोडलेली असते, आणि प्रेक्षकांचा जल्लोष ओसरण्यापूर्वीं चित्र कचेरींत पोहोंचतें. त्याखेरीज आंत दोन कार्डें असतात. एक बिघडलें तरी दुसऱ्यावर चित्र शाबूत राहावें म्हणून.

आतां आपल्या पटावरील मुलाकडे परत येऊं. मनुष्यानें पाहिल्यापासून त्याचें बोट हालेपर्यंत सेकंदाचा सुमारें पांचवा भाग जातो. बैल सेकंदास १० मीटर धांवतात असें धरलें, तर तेवढ्यांत ते २ मीटर पुढें गेले. शेपूट उरलें तें याच हिशेबानें. या दोषावर उपाय म्हणून नव्या कॅमेऱ्यांत बटण पुरतें दाबण्यापूर्वींचीं चित्रेंही यंत्र आपल्या स्मृतींत धरून ठेवतें, आणि बटण दाबतांच मागील अर्ध्याएक सेकंदाचीं चित्रें हातीं देतें. वृद्ध पंचांच्या भाषेंत सांगावयाचें, तर मशीन आतां मागें राहत नाहीं. ती थोडी आधींच पोहोंचलेली असते.

मग प्रश्न सुटला म्हणावयाचा काय? माझी तशी खात्री नाहीं. एक तर भिंगासह अशा कॅमेऱ्याची किंमत कित्येक लाख रुपये. सालेकसा येथील लग्नांच्या मिळकतींतून ती उभी राहणें कठीण. दुसरें, कॅननचा आर-१ हा कॅमेरा २०२४ सालीं निघाला, तेव्हां खेळाचा रंग ओळखून योग्य खेळाडूवर आपण होऊन नजर लावण्याची विद्या त्यास शिकविलेली होती. परंतु ती फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल या तीन खेळांपुरती. ज्या प्राण्यांस तो ओळखतो त्यांच्या यादींत घोडा होता, बैल नव्हता. यांत कारखानदाराचा दुष्टावा नाहीं. ज्यांचीं चित्रें विपुल, तेंच यंत्र शिकतें. आणि आमच्या कुस्तीचीं, कबड्डीचीं, पटाचीं चांगलीं चित्रें आम्हींच पुरेशीं काढलीं नाहींत.

काढलीं तींही सांभाळलीं नाहींत, हें तर त्याहून दुःखद. सावे दादांनीं २१ गिनी खर्चून, सातासमुद्रांपलीकडे फिल्म धुववून जी कुस्ती टिपली, तिचा एक तुकडाही आज पाहावयास मिळत नाहीं. पुंडलिक आणि कृष्णा यांचीं नांवें राहिलीं, डाव गेला. आजच्या कॅमेऱ्यांतील तें दुसरें कार्ड मला म्हणूनच फार अर्थपूर्ण वाटतें. क्षण पकडणें ही निम्मी कामगिरी आहे, तो उद्यांसाठीं राखणें ही उरलेली निम्मी. आणि ही दुसरी निम्मी कोणत्याही यंत्राकडून विकत घेतां येत नाहीं.

निघतांना मीं त्या मुलास विचारलें, तें शेपटाचें चित्र पुसून टाकलेंस काय? तो म्हणाला, “नाहीं सर, ठेवलं आहे. पुढच्या पटाला बैल रेषेच्या आधीं असतांनाच दाबीन.” त्याच्या जुन्या कॅमेऱ्यानें त्या दिवशीं त्यास एवढें शिकविलें होतें. चित्र पुसलें नाहीं याचें मला विशेष समाधान वाटलें.