सीलाकँथ : प्रदर्शनातील मासा

‘जिवंत जीवाश्म’ म्हटला जाणारा मासा म्हणजे सीलाकँथ. हा गट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबरच नामशेष झाला असे मानले जात होते. परंतु २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना एका ट्रॉलरवरील माशांच्या ढिगात सुमारे दीड मीटर लांबीचा असा मासा आढळला आणि पुढल्याच वर्षी जे. एल. बी. स्मिथ यांनी त्याला ‘लॅटिमेरिया चालुम्नी’ हे शास्त्रीय नाव दिले. तेथील ऐन उन्हाळ्यात एवढा मोठा मासा थंड ठेवण्याची सोय न झाल्याने तो पेंढा भरणाऱ्या कारागिराकडे सोपवावा लागला व आतले अवयव फेकले गेले, ही अभ्यासाची फार मोठी हानी होय. त्या संग्रहालयात आज दिसते ते म्हणूनच केवळ बाह्य रूप आहे. दुसरा नमुना १९५२ साली कोमोरो बेटांजवळ मिळाला. संग्रहालयांतील बरण्यांमध्ये हा मासा तपकिरी दिसत असला, तरी जिवंतपणी तो गर्द निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो, त्यामुळे प्रेक्षकाने रंगापेक्षा त्याचे पर, म्हणजे पोहण्याचे अवयव, न्याहाळावेत. ते मांसल देठांवर बसलेले असून चतुष्पाद प्राण्यांच्या पायांशी त्यांचे नाते आहे. खोल, थंड पाण्याबाहेर तो काही तासच तग धरत असल्याने मत्स्यालयांत जिवंत ठेवता येत नाही, आणि जपानमधील नुमाझू येथील मत्स्यालयातही गोठवलेले व पेंढा भरलेले नमुनेच मांडलेले आहेत.